अठराव्या वर्षी सातासमुद्रापलीकडे

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी समजूत आपल्याकडे एके काळी होती. विलायतेहून परतलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि तोवर पंक्तीला त्याला कोणी बसवून घेत नसे. आज त्याच घरांतून दिवाळीच्या आधी पंधरा दिवस चकल्या-अनारशांचे डबे बांधून सातासमुद्रापलीकडे रवाना होतात, आणि ते लेकाला वेळेवर पोचतील की नाही याची आईला काळजी लागून राहते. काळ पालटला तो इतका. एक गोष्ट मात्र होती तशीच आहे. सतरा-अठरा वर्षांचे पोर दूरदेशी जायला निघाले की आईच्या पोटात गोळा उठतोच, आणि घरातली वडील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की जायचे ते कशासाठी?

शिकायला जातो म्हटले तर पेढे वाटतात. नोकरीसाठी म्हटले तर हार घालतात. पण आपल्या धर्माचे काम करायला जातो म्हटले की कपाळाला आठी पडते. हे वय हसण्या-खेळण्याचे, चार बुके शिकण्याचे. या वयात असले खूळ कशाला, असे म्हणणारे प्रत्येक समाजात असतात. ख्रिस्ती समाजातही ते आहेत. अमेरिकेतील, इंग्लंडातील, अलीकडे कोरियातील ख्रिस्ती घरांतून कोवळ्या वयाची मुलेमुली सुटीत परदेशी मिशनच्या कामाला जातात, तेव्हा त्यांच्या आईबापांतही हाच वाद झडतो. या मुलांनी जावे की न जावे?

जावे, असे माझे मत आहे. पण ते कसे जावे याला फार महत्त्व आहे. हे मत मी उपदेशाच्या जोरावर मांडीत नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे, आणि मौज अशी की त्या इतिहासाची बरीच पाने आपल्या मुंबईत, नगरात आणि कोल्हापुरात लिहिली गेली आहेत.

गवताच्या गंजीखाली

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात विल्यम्सटाऊन नावाचे डोंगराळ भागातले एक लहानसे गाव आहे. तेथे विल्यम्स कॉलेज आहे. १८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात या कॉलेजातील पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेसाठी जमले होते. सॅम्युएल मिल्स हा त्यांतला म्होरक्या. बोलणे चालले होते आशिया खंडाविषयी. इतक्यात आभाळ फाटले, विजा कडाडू लागल्या, आणि ही पोरे धावत जाऊन शेजारच्या गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली. तेथे बसल्या बसल्या मिल्सने विषय काढला की आपण स्वतःच आशियात का जाऊ नये? एकाने हरकत घेतली. तो म्हणाला, ते लोक आपल्याला जिवंत ठेवणार नाहीत. बाकीच्यांनी मात्र तो विचार उचलून धरला. पाऊस थांबला, मंडळी कॉलेजात परतली.

पाच पोरांची पावसातली ही बैठक. त्यांच्यापैकी कोणाजवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती, आणि त्यांच्या देशात परदेशी मिशनरी धाडणारी एकही संस्था तोवर निघालेली नव्हती. पण चार वर्षांनी, १८१० साली, या पोरांनी व त्यांच्या सोबत्यांनी आपल्या वडीलधाऱ्या धर्मोपदेशकांच्या सभेपुढे अर्ज ठेवला आणि त्यातून अमेरिकन बोर्ड नावाची संस्था उभी राहिली. म्हाताऱ्यांनी संस्था काढली आणि तरुणांना धाडले, असे येथे घडले नाही. तरुण निघाले होते. त्यांच्या मागून संस्था धावत आली. धर्मकार्यात पुष्कळदा असेच होते. चाळिशी उलटलेला माणूस जाण्याचा खर्च मोजतो, अठरा वर्षांचा माणूस न जाण्याचा.

नशिबाचा खेळ पाहा. गंजीखाली बसलेल्या पाचांपैकी परदेशी मिशनरी म्हणून गेला तो एकटा जेम्स रिचर्ड्स, आणि तोही सिलोनात. मिल्सला आशियाचे दर्शन कधीच घडले नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्याहून परतताना १८१८ साली तो समुद्रातच वारला. पण त्याच कॉलेजातून १८०८ साली बाहेर पडलेला गॉर्डन हॉल मात्र मुंबईला आला. त्याच्याकडे वळण्यापूर्वी एका मुलीची गोष्ट सांगितली पाहिजे.

हॅरिएट

हॅरिएट ॲटवुड ही मॅसॅच्युसेट्समधल्या हॅवरहिल गावची. जन्म १० ऑक्टोबर १७९३ चा. वडील व्यापारी होते. ते १८०८ साली क्षयाने वारले आणि मुलांचा पसारा आईच्या गळ्यात पडला. हॅरिएट शेजारच्या ब्रॅडफर्ड गावच्या शाळेत शिकली. वाचनाची आवड, रोजनिशी लिहिण्याची सवय आणि प्रकृतीने नाजूक अशी ही मुलगी. तिला सॅम्युएल न्यूवेल या तरुणाने मागणी घातली. पण लग्नाबरोबर हिंदुस्थानचा प्रवास ठरलेला होता, आणि परतीचा प्रवास कोणी गृहीत धरलेला नव्हता.

त्या आईची कल्पना करा. नवरा गेलेला, आणि पोटची पोर अशा मुलखात जाणार की जेथे पत्र पोचायलाच सहा महिने लागावेत. आपल्याकडे त्या काळी समुद्र ओलांडणे निषिद्ध होते म्हणून आपण आपल्या पूर्वजांना हसतो. तिकडे शास्त्राची आडकाठी नव्हती, पण आईचे आतडे तिकडेही तेच होते. तरीही तिने लेकीला अडविले नाही. लग्न ९ फेब्रुवारी १८१२ रोजी झाले आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ नावाच्या जहाजाने न्यूवेल आणि जडसन ही दोन नवविवाहित जोडपी निघाली. हॅरिएटचे वय तेव्हा अठरा होते.

चार महिन्यांनी जहाज कलकत्त्याला लागले. परंतु कंपनी सरकारला आपल्या राज्यात मिशनरी नको होते. निघून जाण्याचा हुकूम झाला. गंगेकाठी जेमतेम सात आठवडे काढून न्यूवेल दांपत्य ऑगस्टमध्ये मॉरिशसकडे निघाले. वादळ लागले, जहाज गळू लागले, कोरोमंडल किनाऱ्यावरील कोरिंगा बंदरात थांबावे लागले. पुढे भर समुद्रात हॅरिएट बाळंत झाली. मुलगी झाली, आणि पाच दिवसांत गेली. तिला समुद्रातच मूठमाती द्यावी लागली. मूठमाती तरी कसली म्हणावी, तेथे माती कुठली? मॉरिशसला पोचता पोचता आईला क्षयाने गाठले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे हॅरिएट न्यूवेल वारली. एकोणिसावे वर्ष पुरे होऊन दोन महिने व्हायचे होते.

तिने एकाही शाळेत शिकविले नाही, एकाही रोग्याला औषध दिले नाही, एका माणसाचेही धर्मांतर केले नाही. ज्या लोकांसाठी ती निघाली होती त्यांची भाषासुद्धा तिच्या जिभेवर बसली नाही. आणि हेही सांगायला हवे की त्या लोकांविषयी तिच्या रोजनिशीत जी विशेषणे येतात ती आज आपल्या कानाला बोचतात. न पाहिलेल्या माणसांविषयी ऐकीव मते उराशी धरून ती निघाली होती. मग तिच्या जाण्याचा उपयोग काय? असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो अयोग्य नव्हता.

त्याला मिळालेले उत्तर मात्र कोणाच्या कल्पनेत नव्हते. १८१४ साली तिची पत्रे आणि रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली. आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. घरोघरी मुलींची नावे हॅरिएट न्यूवेल ठेवू लागले. ज्या समाजात बाईने सभेत तोंड उघडू नये असा दंडक होता, त्या समाजातल्या मुलींना प्रथमच असे वाटले की घराच्या उंबऱ्यापलीकडे आपल्यालाही एखादे काम असू शकते. अशा बदललेल्या हवेतच पुढे सिंथिया फेरार ही अविवाहित बाई एकटी निघाली आणि १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली. अमेरिकन बोर्डाने परदेशी धाडलेली ती पहिली अविवाहित शिक्षिका. तिने मुंबईत आणि नंतर नगरात मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८६२ साली नगरातच देह ठेवला. नगरची तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्यात आपल्या लोकांत अशी शाळा असावी असे त्यांच्या मनाने घेतले. १८४८ साली ती शाळा निघाली. पोर्ट लुईच्या थडग्यापासून पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंत सरळ रेघ ओढता येणार नाही, इतिहासात अशा सरळ रेघा नसतातच. पण वाट आहे, आणि ती पावलांनी पडलेली आहे.

मुंबईचा छापखाना

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दुसऱ्या जहाजाने कलकत्त्याला आले होते. त्यांनाही हुकूम मिळाला, पण ते निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत दाखल झाले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन याने त्यांना इंग्लंडला धाडायचे ठरविले. ते कोचीनला पळाले, तेथून पकडून आणले गेले. हॉलने गव्हर्नरला सविस्तर पत्रे लिहून आपली बाजू मांडली. दरम्यान पार्लमेंटने कंपनीची सनद बदलली आणि त्यांना राहायची मोकळीक मिळाली. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा, हद्दपारीच्या हुकुमाखाली झाला. पत्नीला मॉरिशसच्या मातीत ठेवून न्यूवेलही १८१४ साली येऊन मिळाला.

हॉलचे पहिले काम म्हणजे मराठी शिकणे. बाजारात, देवळाच्या आवारात, वाटसरूंच्या घोळक्यात उभे राहून तो मोडके-तोडके बोलू लागला आणि हळूहळू सफाईने बोलू लागला. लोक ऐकत, वाद घालीत, हसत आणि आपापल्या वाटेने जात. ज्या मापाने मिशनचे लोक आपले यश मोजीत त्या मापाने त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. न्यूवेल १८२१ साली पटकीने गेला. १८२६ च्या मार्च महिन्यात हॉल नाशिकच्या बाजूला गेला असता तेथे पटकीची साथ चालू होती. जवळची औषधे त्याने वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकी झाली आणि एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाला शेवटचा आसरा दिला तो देवळाने. त्या ओसरीवर त्याला कोणी धर्म विचारला नसावा, आणि आपल्या लोकांविषयी अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

पण या लोकांनी १८१७ साली मुंबईत छापखाना सुरू केला होता. त्यातून निघालेली पहिली पुस्तके अर्थातच धर्माची होती. पुढे टॉमस ग्रॅहॅम याने देवनागरी खिळ्यांत पुष्कळ सुधारणा केली. अक्षर गोंडस झाले. गणपत कृष्णाजींनी हे काम निरखून पाहिले, आणि स्वतः खटपट करून आपला छापखाना काढला. मराठी पंचांग छापून विकण्याचा पहिला मान त्यांचाच. जावजी दादाजी हे लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला होते. १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि वेद, पुराणे, काव्ये, नाटके अशा सुबक छापून काढली की देशोदेशीच्या पंडितांनी वाखाणावी. ख्रिस्ताची सुवार्ता छापायला आणलेल्या खिळ्यांची विद्या अशी पंचांगात आणि पुराणांत उतरली. पेरणाऱ्याच्या मनात एक असते, जमिनीच्या मनात दुसरे. का. र. मित्रांनी ‘मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तो याच छपाईच्या परंपरेच्या खांद्यावर बसून. वाचकांच्या हाती आज दिवाळी अंक आहे त्याच्या कुळाचा एक धागा त्या गवताच्या गंजीपर्यंत जातो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वादाची दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ही तर एकतर्फी स्तुती झाली. तेव्हा दुसरी बाजूही पाहू. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. त्याचे वय सुमारे बारा. बापाने कोर्टात धाव घेतली, आणि मूल अज्ञान म्हणून कोर्टाने ते बापाच्या ताब्यात दिले. आता प्रश्न पडला तो जातीत घेण्याचा. बाळशास्त्री जांभेकरांनी या पोराला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून कंबर कसली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्या घरातल्या आईने त्या दिवसांत काय सोसले असेल याचा विचार मनात आला की मिशनच्या उत्साहाचे सारे रंग एकदम काळवंडतात.

हॅरिएटच्या आईचे दुःख खरे, तसे श्रीपतच्या आईचेही खरे. एकीने आपले मूल आपल्या मनाने दिले, दुसरीला न विचारता तिच्या घरात हात घातला गेला. धर्मकार्याला निघालेल्या प्रत्येक तरुणाने या दोन आयांतला फरक काळजावर कोरून ठेवला पाहिजे. स्वतःच्या श्रद्धेसाठी घर सोडण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने दुसऱ्याच्या घरातल्या अजाण मुलाच्या श्रद्धेला हात लावता कामा नये.

कोल्हापूरचे पत्र

आता कोल्हापुरास जाऊ. १८५२ साली रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने तेथे ठाणे दिले. त्याचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टन गावी परतले आणि बापाने तेथून मिशनच्या कार्याला वाहिलेले एक मासिक सुरू केले.

त्याच सुमारास कोल्हापुरात टपालखात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशांनी, बायकोला अमेरिकेत शिकवायची आहे, काही मदत होईल काय, असे पत्र वाइल्डरला लिहिले. वाइल्डरने उत्तरात ख्रिस्ती होण्याचा उपदेश केला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून मोकळा झाला. त्या मासिकाचा अंक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडला. दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना त्यांनी तो चाळला. त्या अनोळखी मुलीसाठी त्यांचे मन कळवळले आणि त्यांनी पत्र धाडले. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकन मिशनच्या बायकांच्या सोबतीने ती निघाली तेव्हा तिचे वय अठरा होते. हॅरिएट ज्या वयात जहाजावर चढली, त्याच वयात आनंदीबाई चढली. एक पूर्वेकडे आली, एक पश्चिमेकडे गेली.

जाण्यापूर्वी श्रीरामपुरास भरलेल्या सभेत तिने सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ती तशीच वागली. ज्या घरात उतरली ते घर ख्रिस्ती होते. तेथे ती लुगडे नेसून राहिली, आपले अन्नाचे नेम तिने होता होईल तो सांभाळले, आणि कार्पेंटरबाईंना मावशी मानले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाच्या इस्पितळातली जागा तिला मिळाली होती. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, एकविसाव्या वर्षी, पुण्यात तिचा अंत झाला. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली.

या दोघींना मी शेजारी शेजारी बसवितो तो एका कारणासाठी. आपला धर्म घट्ट धरून परमुलखात जाणारी अठरा वर्षांची मुलगी आपण आनंदीबाईंच्या रूपात पाहतो तेव्हा आपला ऊर भरून येतो. मग तोच मान दुसऱ्या धर्माच्या मुलीलाही द्यावयास नको काय? आणि हॅरिएटच्या वाटेने आज जे निघतात त्यांनीही आनंदीबाईंकडून शिकावे असे पुष्कळ आहे. ती परमुलखात गेली ती शिकायला. यजमानांवर तिने प्रेम केले, त्यांच्या श्रद्धेला नावे ठेवली नाहीत, आणि स्वतःची सोडलीही नाही.

शंभर सह्या

आनंदीबाई डॉक्टर झाली त्याच साली, जुलै १८८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन येथे मूडी या प्रसिद्ध उपदेशकाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांची सभा भरविली होती. अडीचशे विद्यार्थी महिनाभर राहिले. त्यांत कोल्हापूरचा रॉबर्ट वाइल्डर होता. प्रिन्स्टनमध्ये तो आणि त्याची बहीण ग्रेस हे मनाशी एक संकल्प धरून बसले होते. सभा संपण्याच्या सुमारास शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला जाण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. तेथून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे हजारो तरुण-तरुणी जगाच्या पाठीवर पांगल्या. त्या शंभरांत जॉन मॉट हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. पुढे त्याने जगभरच्या विद्यार्थी संघटना एकत्र आणल्या आणि १९४६ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या चळवळीची घोषणा होती की याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता सांगू. ती पिढी सरली, जग ख्रिस्ती झाले नाही. घोषणा फसली, माणसे मात्र फुकट गेली नाहीत. तरुणपणीचा संकल्प अनेकदा ठरल्या दिशेने जात नाही. पण संकल्पच केला नसता तर ती माणसे घराच्या ओट्यावरच बसून राहिली असती.

तीन हाका

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण आजच्या मुलांच्या अल्पकाळच्या फेरीला ते फार जवळचे आहे. आयडा स्कडर ही मद्रास इलाख्यातल्या मिशनरी डॉक्टराची मुलगी. अमेरिकेत शिकून १८९० साली, विशीच्या उंबरठ्यावर, ती आजारी आईच्या मदतीला थोडे दिवस म्हणून आली. मिशनरी व्हायचे नाही, असे तिचे ठाम ठरलेले होते. एका रात्री तिंडिवनमच्या घराच्या दारात एकामागून एक तिघे जण आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, तिसरा दुसऱ्या जातीचा हिंदू. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने बायकोला हात लावलेला तिघांनाही चालणार नव्हता. त्यांना हवी होती आयडा, आणि आयडाला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. सकाळी कळले की तिघीही गेल्या. आयडा अमेरिकेस परतली ती डॉक्टर व्हायला. १९०० साली ती वेल्लोरला आली, १९०२ साली इस्पितळ उभे राहिले, १९१८ साली वैद्यकीय शाळा निघाली. त्याच वेल्लोरला आज महाराष्ट्रातूनही रोगी जातात.

तिला प्रवचनांनी जे पटले नव्हते ते एका रात्रीने पटले. तरुण मुलांनी परदेशी जावे याचे सर्वांत मोठे कारण मला हे दिसते. नकाशावरचे दुःख आणि दारात उभे राहिलेले दुःख यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. चाळिशीत दारात असे कोणी आले तर माणूस हळहळतो आणि कामाला लागतो, कारण तोवर त्याचे आयुष्य बेतून झालेले असते. विशीच्या आत ते आले तर सारे आयुष्यच वेगळे बेतता येते.

आजची फेरी

आता आजचा काळ. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला पोरगा दोन मित्रांना घेऊन सुटीत मेक्सिकोला पुस्तके वाटायला गेला आणि त्यातून पुढे एक मोठी जागतिक संस्था निघाली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम याने तरुणांना अल्प मुदतीसाठी परदेशी धाडणारी संस्था काढली. विमानाचा प्रवास आवाक्यात आला आणि जो प्रवास हॅरिएटला चार महिने लागला तो एका रात्रीवर आला. सुटीत जावे, दोन-तीन आठवडे राहावे आणि परत यावे, अशी प्रथा पडली.

यावर टीका होते आणि तीत तथ्य आहे. पंधरा दिवसांत भाषा येत नाही. शाळेच्या ज्या भिंती ही पोरे रंगवितात त्या गावातल्या रंगाऱ्याने अधिक चांगल्या रंगविल्या असत्या आणि त्याला मजुरीही मिळाली असती. अनाथ मुले चार दिवस गळ्यात पडतात, मग पाहुणे निघून जातात आणि मुलांच्या पदरी पुन्हा विरह येतो. तिकिटाचे पैसे तसेच धाडले असते तर अधिक काम झाले असते, असा हिशेबही मांडला जातो.

हिशेब बरोबर आहे, पण तो एका बाजूचाच आहे. या फेरीतून यजमानांना काय मिळाले एवढेच त्यात मोजलेले असते; जाणाऱ्याचे काय झाले ते त्यात येत नाही. सुखवस्तू घरातले सतरा वर्षांचे पोर दुसऱ्याच्या देशात प्रथमच पाहुणे होते, अडाणी ठरते, पाणी मागायलाही खुणा करते, आणि आपल्याहून गरीब माणसाच्या हातचे जेवते. आपली श्रद्धा ही घरच्या फर्निचरासारखी वारशाने मिळालेली आहे की आपण ती खरोखर पत्करली आहे, हे त्याला तेथे कळते. ज्यांना सुधारायला निघालो ते आपल्याहून धीराने जगतात आणि मनापासून देव आळवितात, हेही तेथेच कळते. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही.

मात्र पथ्ये पाळली पाहिजेत. गॉर्डन हॉलसारखी आधी भाषा शिकावी. चार वाक्ये का होईना, पण यजमानाच्या भाषेत यावीत. काम स्थानिक मंडळीच्या हाताखाली करावे आणि त्यांनी झाडू दिला तर झाडू मारावा. ज्या देशात जायचे तेथला कायदा पाळावा. आपल्याच देशाचे पाहा, पर्यटकाच्या परवान्यावर येऊन येथे धर्मप्रचार करता येत नाही. अन्नाच्या ताटावर आणि औषधाच्या बाटलीवर धर्माची अट चिकटवू नये. गांधीजींचे मिशनऱ्यांशी आयुष्यभर भांडण होते ते याच मुद्द्यावर. श्रीपतच्या आईची आठवण ठेवावी. आणि परत आल्यावर आपल्या गावातल्या गरिबाचे दार कोणत्या आळीत आहे ते शोधून काढावे. परदेशी जाऊन ज्याला शेजारी दिसू लागला नाही त्याचा प्रवास भाडे भरून वाया गेला.

नगरच्या, कोल्हापूरच्या, मुंबईच्या ख्रिस्ती घरांत हा अंक वाचला जाईल, तेथे एखादे पोर असा विषय काढील. त्या आईबापांना माझे सांगणे इतकेच आहे की त्याला एकदम झिडकारू नका. कोठे, कोणाकडे, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, हे सारे बारकाईने विचारा. ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि उत्तरे नीट आली तर त्याच्या पिशवीत थोडा फराळ बांधून त्याला जाऊ द्या. ज्या घरी उतरेल त्या घरच्या माणसांनाही तो द्यायला सांगा. बाकीच्या वाचकांना एवढेच सुचवितो की असे एखादे परदेशी पोर पुढेमागे तुमच्या दारी आले, तर त्याला धर्म विचारण्याआधी पाणी विचारा. नाशिकच्या वाटेवरल्या त्या खेड्याने दोनशे वर्षांपूर्वी हाच रिवाज पाळला होता.